घरची आठवण आणि इतिहासाचा पुरावा: छत्तीसगडातील मराठी माणसे

परमुलखात गेलेल्या माणसाला घरचे सर्वांत जास्त काय आठवते? दफ्तरात याची नोंद क्वचितच सापडते. म्हणून त्याने नव्या जागी काय पुन्हा उभे केले, ते पाहावे लागते.

नागपूरकर रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. त्यांनी तेथील टेकडीवर राममंदिर बांधले. तिला रामटेकरी म्हणतात. नागपूरजवळचे रामटेक तुम्हांला लगेच आठवेल. कारभारात मराठी व मोडी आली. दसऱ्याला सोने म्हणून पाने देण्याची प्रथाही त्यांनीच इकडे आणली, असे मानले जाते.

पण ही राज्यकर्त्याची आठवण झाली. त्याच्याबरोबर आलेल्या शिपायाचे मन मंदिरावरून कळत नाही.

पुढे मराठी घरात, पण हिंदी मुलखात वाढलेल्या माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांनी दासबोध व गीतारहस्य हिंदीत आणले. रायपूर ही त्यांची कर्मभूमी. घरचा ठेवा शेजाऱ्यांचाही झाला.

तुम्ही वसतिगृहात राहत असाल, तर घरून काय आणले आहे ते पाहा. तोही पुरावाच आहे.