मुकादम आणि मेट : शिरूर-दौंड परिसरातील उत्खनन व पर्यवेक्षकाचे शिक्षण

खाणींतील सुरक्षिततेचा इतिहास सांगू लागले की अभ्यासकाची दृष्टी साहजिकच झरिया, राणीगंज किंवा चांद्याच्या कोळशाकडे वळते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड हे तालुके या इतिहासात सहसा येत नाहीत. तेथे कोळसा नाही आणि धातूंची खनिजेही नाहीत. आहे तो दख्खनचा काळा दगड, त्यावरील मुरूम आणि भीमा व घोड या नद्यांच्या पात्रांतील वाळू. परंतु दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला तेव्हापासून रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती उभ्या राहीपर्यंत या मुलखातील बांधकामाला खडी, डबर आणि वाळू अखंड लागत आली आहे. हा माल जमिनीतून काढणाऱ्या मजुरांवर देखरेख कोणी केली, आणि त्या देखरेख करणाराला धोका ओळखण्याचे शिक्षण कोणी दिले, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम दोन शब्दांचा विचार केला पाहिजे. ‘मुकादम’ हा शब्द अरबी ‘मुकद्दम’ यावरून आला. त्याचा मूळ अर्थ पुढे ठेवलेला, अग्रभागी असलेला, असा आहे. मराठी राज्यव्यवहारात तो गावच्या प्रमुखास लावीत. पुढे मजुरांच्या टोळीच्या म्होरक्यास लावू लागले. मजूर जमविणे, उचल देणे, हजेरी घेणे आणि मालाचे माप ठेवणे ही त्याची कामे. ‘मेट’ हा शब्द इंग्रजीतून आला आणि रस्त्याच्या व लोहमार्गाच्या कामांवर रुळला. बोलण्यात हे दोन शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी येतात. खाणकायद्याने मात्र त्यांच्यात मोठे अंतर निर्माण केले. कायद्याचा मेट हा परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळविलेला अधिकारी होता. मुकादमाची परीक्षा कोणी कधी घेतली नाही.

हे अंतर कसे पडले हे पाहण्यासाठी कायद्याचा क्रम ध्यानात घ्यावा लागतो. हिंदुस्थानातील पहिला खाण अधिनियम १९०१ चा. खाणींच्या तपासणीचे कार्यालय १९०२ मध्ये कलकत्त्यास स्थापन झाले व १९०८ मध्ये धनबादला गेले. स्वातंत्र्यानंतर १९५२ चा अधिनियम आला. त्यानंतरच्या दशकात न्यूटन चिखली (१९५४), अमलाबाद (१९५५) आणि चिनाकुरी (१९५८) येथील दुर्घटनांत मिळून जवळजवळ ३०० माणसे दगावली. खाण-सुरक्षिततेची पहिली परिषद १९५८ मध्येच भरली. कोळशाखेरीज इतर खाणींसाठी १९६१ चे धातुक खाण विनियम झाले व त्यांत व्यवस्थापक, फोरमन, मेट आणि ब्लास्टर अशी उतरंड निश्चित झाली. मजुरांच्या शिक्षणासाठी १९६६ चे खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियम निघाले. कामावर येणाऱ्या नवख्या माणसाला आधी शिकवावे, जुन्याला ठरावीक काळाने उजळणी द्यावी, आणि सुरुंगासारख्या कामासाठी वेगळे शिक्षण असावे, असे या नियमांचे स्वरूप होते.

या सर्व रचनेमागील कल्पना साधी होती. धोका प्रथम दिसतो तो कामाच्या जागी उभ्या असलेल्या माणसाला. म्हणून त्याला तो ओळखता आला पाहिजे आणि ओळखल्यावर काम थांबविण्याचा अधिकार असला पाहिजे. ज्ञान आणि अधिकार या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठायी आणणे हे पर्यवेक्षकाच्या प्रशिक्षणाचे प्रयोजन होय.

पण हे विधान शिरूर-दौंडच्या भूमीवर आणले की अडचण उभी राहते. १९५२ च्या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाने मुरूम, बांधकामाचा दगड, खडी, साधी माती व साधी वाळू यांच्या उघड्या खोदकामांना काही अटींवर बहुतेक तरतुदींतून वगळले होते. खोदकामाची खोली उच्चतम बिंदूपासून नीचतम बिंदूपर्यंत कोठेही ६ मीटरांहून अधिक नसावी, एका दिवशी ५० हून अधिक माणसे कामावर नसावीत, आणि स्फोटके वापरलेली नसावीत, अशा त्या तीन अटी होत. अल्पवयीनांच्या कामासंबंधीची आणि निरीक्षकांच्या अधिकारांची कलमे अशा जागीही लागू राहत. मेट, ब्लास्टर व प्रशिक्षण यांचे बंधन मात्र राहत नसे.

परिणाम असा झाला की एकाच तालुक्यातील तीन कामे तीन वेगळ्या स्थितींत गेली. काळा दगड सुरुंगाखेरीज मोठ्या प्रमाणावर निघत नाही. त्यामुळे दगडखाणीत पहिला सुरुंग भरला जाताच अधिनियम पूर्णपणे लागू होई. तोच दगड शेजारच्या यंत्रावर खडी होऊ लागला, आणि तेथे विजेवर दहा माणसे कामाला असली, की १९४८ चा कारखाने अधिनियम येई. मुरमाचा खड्डा आणि नदीतील वाळू यांना मात्र सुरुंग लागत नाही; त्यामुळे ती कामे बहुधा सवलतीतच राहिली. लोकभाषेनेही या विभागणीला नकळत दुजोरा दिला आहे. दगडाची ‘खाण’ असते, पण वाळूची खाण कोणी म्हणत नाही. तेथे ‘ठेका’ असतो, ‘घाट’ असतो, ‘उपसा’ असतो. जेथे खाण नाही तेथे खाणीचा अधिकारी असावा, हे कोणाच्या मनातही येत नाही.

यातील विसंगती विनियमांच्याच शब्दांत दिसते. १९६१ च्या विनियमांतील १०६ व्या विनियमाप्रमाणे गाळाची माती, मुरूम, रेव किंवा तत्सम भुसभुशीत जमिनीत खणताना कडेचा उतार ४५ अंशांहून अधिक ठेवता येत नसे. नाही तर पायऱ्या पाडाव्या लागत, आणि पायरीची उंची दीड मीटरहून अधिक व रुंदी उंचीहून कमी असता कामा नये. कड खालून पोखरण्यास मनाई होती. नदीकाठच्या खोदकामाचे याहून नेमके वर्णन करणे कठीण आहे. वाळू ओली असते तोवर कड उभी राहते. ती वाळली, किंवा मागून पाणी झिरपले, की पूर्वसूचना न देता ढासळते. तीन मीटरांची कड माणसाला पुरून टाकण्यास पुरेशी असते. म्हणजे जो धोका या नियमाने सर्वांत अचूक सांगितला, तो ६ मीटरांच्या आतील वाळूच्या खड्ड्यात असताना नियम मात्र तेथवर पोहोचत नव्हता.

वाळू ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर, ओल्या वाळूचे हे वजन पाच टनांच्या आसपास भरते. मुकादम मजुरीसाठी ब्रास मोजतो. १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमाने साधी वाळू गौण खनिज ठरली व तिचे नियमन राज्याकडे आले. तेव्हापासून महसूल खातेही स्वामित्वधनासाठी ब्रासच मोजते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निर्णयानंतर लहान क्षेत्रांतील गौण खनिजांनाही पर्यावरणीय अनुमतीची अट आली. यांत्रिक पंपाने वाळू ओढण्यास बंदी झाली आणि भीमेच्या पात्रातील बेकायदा बोटी महसूल अधिकाऱ्यांनी वेळोवेळी नष्ट केल्या. या उपायांचा हेतू नदी व महसूल यांचे रक्षण हा होता. खड्ड्यात उतरलेल्या माणसाच्या डोक्यावरची कड पाहण्याचे काम त्यांनी कोणाकडे दिले नाही.

सवलतीच्या कलमात आणखी एक गोष्ट होती, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. तीन अटींपैकी एकही मोडली की अधिनियम तत्काळ लागू होई व तसे कळविण्याचे कर्तव्य मालकावर येई. आता खोली सहा मीटरांपलीकडे गेली हे प्रत्यक्ष जागेवर कोणाला दिसणार? मुकादमाला. पण ते मोजण्यास त्याला कोणी शिकविले नव्हते, आणि मोजून काम थांबविले तर त्याचीच ब्रासची संख्या घटणार होती. मर्यादा ओलांडली हे ओळखण्यासाठी प्रशिक्षित डोळा हवा, आणि प्रशिक्षित डोळा सक्तीचा होणार तो मर्यादा ओलांडल्यावर, अशी ही कोंडी होती.

पूर्ण अधिनियम लागू असलेल्या दगडखाणींतही भाषेचा प्रश्न उरलाच. अधिनियमाचा व विनियमांचा सारांश इंग्रजीत आणि विहित केलेल्या अन्य भाषेत फलकावर लावावा, असे ६२ वे कलम सांगे. दगडकामात पिढ्यान् पिढ्या असलेल्या वडार समाजाची घरातील बोली तेलुगूशी नाते सांगणारी. परप्रांतांतून येणाऱ्या मजुरांच्या भाषा आणखी निराळ्या. फलकावरील मजकुराचा अर्थ त्यांच्यापर्यंत जाणार तो टोळीच्या म्होरक्याच्या तोंडून. म्हणजे मेट नेमला असला तरी दुभाषा मुकादमच राहिला, आणि जे त्याला कळले नाही ते मजुरालाही कळले नाही.

१९५२ चा अधिनियम २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला आहे. नव्या व्यवस्थेचे मूल्यमापन इतक्यात करणे योग्य होणार नाही. परंतु शिरूर व दौंड यांच्या अनुभवावरून तिला लावण्याची कसोटी सांगता येते. धोका कशात आहे यावरून प्रशिक्षणाची सक्ती ठरते, की खोदकामाला कोणते नाव दिले आहे यावरून, हे प्रथम पाहावे लागेल. मुकादम हा ‘पुढे ठेवलेला’ माणूस आहे. खड्ड्याच्या कडेशी तो खरोखरच सर्वांच्या पुढे उभा असतो. त्याला मोजपट्टीबरोबर कड पारखण्याचे शिक्षण आणि ‘वर या’ म्हणण्याचा अधिकार मिळेल, तेव्हाच मुकादम आणि मेट यांतील अंतर संपले असे म्हणता येईल.