बीबीच्या मकबऱ्याचा काल व कर्ता

औरंगाबाद (इ. स. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथील बीबी-का-मकबरा या इमारतीस 'दक्षिणेंतील ताज' असें म्हणण्याचा प्रघात पडला आहे. या नांवानें इमारतीची ख्याति वाढली असेल, परंतु तिच्या अभ्यासाचें मात्र नुकसान झालें. ताजमहालाची कनिष्ठ प्रतीची नक्कल असा एकदां शिक्का बसल्यावर ती कोणीं, केव्हां व कशी उभारली हें बारकाईनें पाहण्याचें कारण कोणास वाटेनासें झालें. त्यामुळें तिच्यासंबंधीं जीं विधानें एका पुस्तकांतून दुसऱ्या पुस्तकांत उतरत आलीं आहेत, त्यांपैकीं कांहीं साध्या तारखांच्या मेळानेंही टिकत नाहींत. वस्तुतः या मकबऱ्याच्या दरवाज्यावरील एका लेखाचें मोल असें आहे कीं, खुद्द आग्र्याच्या ताजाच्या कर्त्याचा वाद सोडवितांना त्याचा आधार घ्यावा लागतो. त्या लेखाचा धागा पुढें थेट आपल्या भास्कराचार्यांपर्यंत जाऊन पोंचतो.

प्रथम कालाचा विचार करूं. हा मकबरा शाहजादा आजमशहा यानें आपल्या आईच्या स्मरणार्थ इ. स. १६५१ ते १६६१ या दहा वर्षांत बांधला, असें विधान अनेक ठिकाणीं आढळतें. आजमशहाचा जन्म २८ जून १६५३ रोजीं बऱ्हाणपुरास झाला. म्हणजे या विधानाप्रमाणें पुत्र जन्मास येण्यापूर्वीं दोन वर्षें त्यानें मातेच्या कबरीचा पाया घातला, आणि तोही माता हयात असतांना! मकबऱ्यांत जिचें दफन आहे ती दिलरसबानू बेगम ही शहानवाजखान सफवी याची कन्या. औरंगजेबाशीं तिचा विवाह इ. स. १६३७ मध्यें झाला. तिला पांच अपत्यें झालीं. झेबुन्निसा, झीनतुन्निसा व झुब्दतुन्निसा या तीन मुली आणि आजम व अकबर हे दोन मुलगे. शेवटचा मुलगा अकबर ११ सप्टेंबर १६५७ रोजीं औरंगाबादेस जन्मला आणि त्यानंतर महिना भरण्यापूर्वींच, ८ ऑक्टोबर रोजीं, बेगम वारली. 'राबिया-उद्-दौरानी' हा तिचा किताब मरणोत्तर आहे. तेव्हां १६५७ च्या ऑक्टोबरापूर्वीं या मकबऱ्याचें काम सुरू होणें शक्य नाहीं. दरवाज्यावरील लेखाचा काल हिजरी १०७१, म्हणजे इ. स. १६६०-६१ असा आहे. त्या वेळीं आजमशहाचें वय अवघें सात-आठ वर्षांचें होतें. त्याच्या नांवावर ही इमारत चढली ती, आमच्या मतें, पुढें वयांत आल्यावर त्यानें मातेच्या कबरीची जी काळजी वाहिली असेल तिच्या आठवणीवरून. मूळ आज्ञा औरंगजेबाचीच मानली पाहिजे.

बांधकामाचीं हीं तीन-सव्वातीन वर्षें कोणतीं होतीं, हें लक्षांत घेतल्याशिवाय इमारतीचें स्वरूप नीट कळणार नाहीं. शहाजहान सप्टेंबर १६५७ मध्यें आजारी पडला आणि वारसायुद्धाची चाहूल लागली. औरंगजेब फेब्रुवारी १६५८ मध्यें औरंगाबाद सोडून उत्तरेस निघाला. बेगमेचा पिता शहानवाजखान जांवयाला साथ देईना, म्हणून औरंगजेबानें त्याला बऱ्हाणपुरास अटकेंत टाकलें. पुढें सुटका होऊन त्याला गुजराथची सुभेदारी मिळाली, तरी तो दाराच्या पक्षास मिळाला आणि मार्च १६५९ मध्यें अजमेरजवळ देवराईच्या लढाईंत जांवयाच्या सैन्याविरुद्ध लढतां लढतां पडला. इकडे जानेवारी १६६० मध्यें शाएस्तेखान दक्षिणेचा सुभेदार म्हणून औरंगाबादेस आला व लागलाच शिवाजीमहाराजांवर चालून गेला. त्या सालच्या पावसाळ्यांत चाकणच्या किल्ल्याला मोंगलांचा वेढा पडला होता, तेव्हां औरंगाबादेस या घुमटाचें काम चालू होतें. एकाच सुभ्याच्या खजिन्यावर एका बाजूनें मोहीम व दुसऱ्या बाजूनें मकबरा असा दुहेरी भार होता.

खर्चाचा आंकडा गुलाम मुस्तफा याच्या 'तारीखनाम्यां'त ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिला आहे. ताजमहालाच्या खर्चाचा अब्दुल हमीद लाहोरी यानें 'पादशहानाम्यां'त दिलेला आंकडा ५० लक्षांचा आहे. म्हणजे साडेसातपट रकमेचें अंतर पडलें. हें अंतर दगडांत स्पष्ट दिसतें. मकबऱ्याला संगमरवर आहे तो जोत्याच्या वरील कमरपट्ट्यापर्यंत, आणि मग एकदम घुमटाला. मधला सर्व भाग दख्खनच्या काळ्या दगडाचा असून त्यावर चुन्याचा गिलावा चढविलेला आहे. परंतु हा गिलावा म्हणजे दारिद्र्याचें पांघरूण अशी जी टीका होते ती आम्हांस मान्य नाहीं. त्याला इतकी उत्तम घोटाई दिली आहे आणि त्यांतून वेलपत्ती, जाळ्या व कमानींच्या कडा अशा नाजुकपणें उठविल्या आहेत कीं, चुनेगच्चीच्या कामाचा हा एक स्वतंत्र नमुना ठरावा. आग्र्यास जें काम दगडांत रंगीत खडे बसवून साधलें तें येथें गवंड्याच्या थापीनें केलें आहे. हा निराळा धंदा आहे व त्याचें मोजमापही निराळें असलें पाहिजे.

संगमरवराविषयीं फ्रेंच जवाहीर-व्यापारी ताव्हेर्निये याची साक्ष उपलब्ध आहे. सुरतेहून गोवळकोंड्यास जातांना औरंगाबादेपासून पांच मजलांवर त्याला संगमरवर लादलेले तीनशेंहून अधिक गाडे भेटले व त्यांतील लहानांत लहान गाड्यासही बारा बैल जुंपलेले होते, असें तो लिहितो. हा दगड लाहोरकडून येतो व वाटेंत जवळजवळ चार महिने लागतात, असें त्याला सांगण्यांत आलें. गाडे व बैल त्यानें डोळ्यांनीं पाहिले, तेवढी साक्ष ग्राह्य धरावी; लाहोर ही ऐकींव गोष्ट आहे. मोंगल इमारतींचा पांढरा संगमरवर राजपुतान्यांतील मकराण्याच्या खाणींतून येत असे, आणि याही दगडाचें मूळ तिकडेच शोधलें पाहिजे. प्रवाशांचे वृत्तांत वापरतांना पाहिलेलें व ऐकलेलें असे दोन ढीग आधीं वेगळे करावे लागतात. हा नियम जुना असला तरी ताव्हेर्नियेच्या बाबतींत तो पुन्हा पुन्हा विसरला जातो.

आतां रचनेकडे वळूं. सुमारें ५०० वार लांब व ३०० वार रुंद अशा उंच तटबंदीच्या आवारांत ही इमारत आहे. दक्षिणेस मुख्य देवडी, उत्तरेस बारादरी, पूर्वेस आईनाखाना व पश्चिमेस मशीद अशी चार बाजूंची मांडणी आहे. खुद्द थडग्याच्या चबुतऱ्यावर पश्चिमेच्या अंगास जी मशीद आहे ती मागाहून, निजामाच्या अमलांत झालेली असून तिच्यामुळें त्या बाजूचें द्वार बुजलें आहे. चबुतऱ्याच्या चार कोंपऱ्यांवर ७२ फूट उंचीचे चार मिनार उभे आहेत. समोरून पाहतां ताजाची आठवण होते हें खरें. मोठी कमान, तिच्या दोन्ही अंगांस दुमजली कोनाडे, वर घुमट व कोंपऱ्यांस मिनार, हा सारा चेहरा तिकडचाच आहे. मिनार मुख्य इमारतीच्या मानानें जड व फार जवळ झाले आहेत, त्यामुळें घुमटाला मोकळें आकाश मिळत नाहीं, हा दोषही कबूल केला पाहिजे.

परंतु चेहरा सोडून आंखणी पाहिली तर निराळेंच दिसतें. ताजमहाल बागेच्या मध्यभागीं नाहीं; तो बागेच्या उत्तर टोकास यमुनेच्या कांठीं आहे. बीबीचा मकबरा चारबागेच्या बरोबर मध्यावर आहे, म्हणजे दिल्लीच्या हुमायूनच्या व सिकंदऱ्याच्या अकबराच्या कबरीची जी जुनी परंपरा तीच येथें पाळली आहे. दुसरा फरक कबरीचा. ताजांत वर संगमरवरी शवपेटिकेची प्रतिकृति व खालीं तळघरांत खरी कबर अशी दुहेरी योजना आहे. येथें वरच्या मजल्यावर प्रतिकृतीच नाहीं. मध्यभागीं जमिनीलाच अष्टकोनी मोकळा भाग ठेवून त्याला संगमरवरी कठडा घातला आहे, आणि त्यांतून खालची खरी कबर सरळ दृष्टीस पडते. खालीं उतरल्यावर कबरीभोंवतीं पुन्हा अष्टकोनी संगमरवरी जाळी आहे. वरून खालीं डोकावून पाहावयाचें, ही कल्पना ताजांत नाहीं. तेव्हां कारागिरानें आग्र्याचा नकाशा पुढें ठेवून तो लहान करून उतरला, असें म्हणणें आंखणीच्या पुराव्याविरुद्ध जातें.

हा कारागीर कोण? दक्षिणेकडील देवडीच्या दरवाज्यास पितळी पत्रा मढविलेला असून त्यावर वेलबुट्टीचें काम आहे. त्यावरील लेखांत अताउल्ला हा स्थपति व हंसपतराय हा अभियंता अशीं दोन नांवें येतात. मोंगल राजघराण्याच्या इमारतीवर कर्त्यांचीं नांवें इतक्या दर्शनी जागीं सांपडणें ही विरळा गोष्ट होय. ताजमहालावर सही आहे ती अक्षरलेखक अमानतखानाची, स्थपतीची नाहीं. 'पादशहानाम्यां'तही मक्रामतखान व मीर अब्दुल करीम या देखरेख करणाऱ्या दोन अधिकाऱ्यांचींच नांवें आहेत. ही जागा रिकामी राहिल्यामुळें तिच्यावर हक्क सांगणारे पुष्कळ निघाले. पोर्तुगीज धर्मोपदेशक मान्रीक यानें जेरोनिमो व्हेरोनेओ या व्हेनिसच्या जवाहिऱ्यास कर्तेपण दिलें, पण मान्रीक आग्र्यास पोंचला तेव्हां तो मनुष्य लाहोरास मृत्यु पावला होता. एकोणिसाव्या शतकांतील कांहीं फारसी बाडांत कारागिरांच्या पगारासकट याद्या सांपडतात व त्यांत 'उस्ताद ईसा' हा मुख्य आहे. या याद्या दिसावयास तपशीलवार, पण कालानें दोन शतकें उशीरा. तपशील जितका भरगच्च तितका कागद जुना, अशी आपणां संग्राहकांची एक भोळी समजूत असते. ताजाच्या याद्यांनीं ती पुरती खोटी पाडली आहे.

वादाचा निकाल लागला तो लुत्फुल्ला मुहंदिस याच्या दिवाणांतील एका मस्नवीनें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सय्यद सुलेमान नदवी व अब्दुल्ला चघताई यांनीं तिच्याकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. तींत लुत्फुल्ला सांगतो कीं, आपला बाप अहमद, किताब 'नादिर-उल्-अस्र', यानें शहाजहानच्या हुकुमानें मुमताजमहालची कबर व पुढें दिल्लीचा किल्ला बांधला. त्याला तीन मुलगे. अताउल्ला, लुत्फुल्ला व नूरुल्ला. अहमद इ. स. १६४९ मध्यें वारला. मुलानें बापाची थोरवी गाइली, एवढ्यावर विश्वास ठेवावा काय, ही शंका रास्त आहे. पण दिल्लीच्या किल्ल्याच्या बाबतींत उस्ताद अहमदाचें नांव समकालीन इतिहासकार महंमद सालिह कंबो यानेंही दिलें आहे. शिवाय मांडवगडास होशंगशहाच्या कबरीच्या द्वारावर हिजरी १०७० (इ. स. १६५९) चा एक लहानसा लेख आहे. त्यांत उस्ताद अहमदाचा मुलगा लुत्फुल्ला, ख्वाजा जादूराय, उस्ताद शिवराम व उस्ताद हमीद हे तेथें दर्शनास आले असें नोंदलें आहे. पूर्वींच्या कारागिरांस मान देण्यासाठीं शहाजहानचे कारागीर दोनशें वर्षांपूर्वींच्या कबरीपाशीं जमले होते, आणि त्याच सुमारास थोरला भाऊ औरंगाबादेस नवी कबर उभारीत होता.

नांव, धंदा व काल या तिहींचा मेळ बसत असल्यामुळें आमच्या लेखांतील अताउल्ला तो हाच, हें विद्वानांनीं मान्य केलें आहे. म्हणजे 'दक्षिणेंतील ताज' हा ताजाच्या कर्त्याच्या मुलानें बांधला! बापाच्या इमारतीचा चेहरा मुलाच्या हातांत उतरला असेल तर त्यास नक्कल म्हणावें कीं घराण्याची चाल म्हणावें, याचा विचार टीकाकारांनीं करावा.

या अताउल्लाचा दुसरा व्यवसाय गणिताचा. हिजरी १०४४ (इ. स. १६३४-३५) मध्यें त्यानें भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'चें फारसी भाषांतर करून शहाजहानास अर्पण केलें. त्यांत तो आपणांस अताउल्ला रशीदी, अहमद नादिर याचा पुत्र, असें म्हणवितो. बापाच्या किताबाला मिळालेली ही दुसरी स्वतंत्र साक्ष होय, आणि ती मस्नवीच्याही आधीची आहे. 'लीलावती'चें फारसी भाषांतर फैजीनें इ. स. १५८७ मध्यें केलें होतें, तें दरबारी कवीचें काम. 'बीजगणित' मात्र घुमटाची वळणें आंखणाऱ्या घरांत वाचलें गेलें. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं जो मठ स्थापिला, त्याचा शके ११२८ चा शिलालेख चाळीसगांवजवळ पाटण येथें आहे व तो डॉ. भाऊ दाजी यांनीं इ. स. १८६५ मध्यें प्रसिद्ध केला. पाटण डोंगराच्या खानदेशाकडील अंगास, औरंगाबाद त्याच डोंगराच्या दक्षिणेस. पंचवीस वर्षांपूर्वीं ज्या आचार्यांचा ग्रंथ अताउल्लानें फारसींत उतरला, त्यांचा पाठ ज्या मठांत चाले त्या मठाच्या मुलुखांत तो मकबरा बांधावयास आला.

दक्षिणेंतील फारसी संग्रहांत वैद्यक, ज्योतिष व हिशेबाचीं बाडें एकाच रुमालांत बांधलेलीं असतात आणि वरचें पान पाहून गठ्ठा बाजूस ठेवला जातो. ज्यांच्यापाशीं असे गठ्ठे असतील त्यांनीं 'बीजगणिता'च्या या भाषांतराच्या प्रती त्यांत आहेत काय हें पाहावें व आरंभींच्या पानावरील 'इब्न अहमद नादिर' हीं अक्षरें तपासावीं. याच भाषांतरावरून एडवर्ड स्ट्रेची यानें इ. स. १८१३ मध्यें लंडनास इंग्रजी 'बीजगणित' छापलें. कोलब्रूकचें संस्कृतावरून केलेलें भाषांतर त्यानंतर चार वर्षांनीं, इ. स. १८१७ मध्यें आलें.