गाळणीची किंमत

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या, १९६९ च्या. फुकुशिमाची पहिलीही त्याच कंपनीची, १९७१ ची. म्हणून फुकुशिमानंतर अमेरिकेने आपल्या अशा अणुभट्ट्यांचं काय केलं, ते आपण पालघरवाल्यांनी वाचायलाच हवं. मी वाचायला बसलो आणि एका हिशेबापाशी अडकलो.

जुन्या भट्टीत नवी सुरक्षा बसवायला सांगताना खर्च बघायचा का? १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने सांगितलं, लोकांच्या पुरेशा संरक्षणाला जे लागेल त्यात पैसा मोजायचा नाही. त्यापलीकडच्या सुधारणांत मोजा. ऐकायला सरळ. पण 'पुरेसं' म्हणजे किती, हे ठरवणार अणुनियामक आयोगच! मेख इथेच आहे.

२०११ ला फुकुशिमा झालं, दीड लाखांवर लोकांना घरं सोडावी लागली. पुढच्या वर्षी आयोगाच्याच कर्मचाऱ्यांनी शिफारस केली: अशा ठेवणीच्या ३१ भट्ट्यांना फिल्टर बसवा. अपघातात आतला दाब बाहेर सोडावाच लागतो, तर निदान गाळून सोडा. खर्च एकेकीला दीड कोटी डॉलरच्या आसपास.

आता फायदा कसा मोजतात बघा. अपघाताची शक्यता गुणिले नुकसान. किरणोत्सर्गाचा डोस टळला, तर तेव्हा दर माणशी एका रेमला २००० डॉलर धरत. (१९९५ पर्यंत १००० च होते. वीस वर्षं महागाई झालीच नाही जणू!) शक्यता इतकी बारीक धरलेली, की भल्यामोठ्या नुकसानीचंही उत्तर चिल्लर येतं. कर्मचाऱ्यांचा स्वतःचा आकडाही फिल्टरच्या विरोधात गेला. तरी ते म्हणाले, बसवा. कारण सगळं काही आकड्यात मावत नाही. मला तर ही हिंमतच वाटते.

२०१३ मध्ये आयोगाने दाब सोडायची व्यवस्था मजबूत करायला लावली, फिल्टर मात्र पुढे ढकलला. २०१५ ला तो विषयच गुंडाळला.

उलट स्वीडनने थ्री माइल आयलंडच्या अपघातानंतर, १९८५ मध्येच बार्सेबेकला फिल्टर बसवला होता. त्यांनी प्रश्नच वेगळा विचारला: जमीन कायमची नासू द्यायची का?

अमेरिकेबद्दल एक मात्र मान्य करतो. शिफारस, आकडे, कोणत्या आयुक्ताने काय मत दिलं, सगळं उघड छापलेलं आहे. त्यामुळेच मला घरबसल्या हा गुणाकार बघता आला.