विदूषक, पिएरो आणि सर्कशीतील जोकर

संस्कृत नाटकात राजाचा सखा म्हणून वावरणाऱ्या पात्राला आपण विदूषक म्हणतो आणि सर्कशीच्या रिंगणात धडपडून पडणाऱ्यालाही तेच नाव देतो. शब्दाच्या या सैल वापरामुळे एका स्वतंत्र कलेकडे आपले दुर्लक्ष झाले आहे, असे मला वाटते.

पहिला विदूषक इंदूरच्या वाचकाला परका नाही. 'मृच्छकटिका'तील मैत्रेय ज्या उज्जयिनीत कुरकुरत हिंडतो, ती नगरी येथून अवघ्या ५०-५५ किलोमीटरांवर आहे. चारुदत्ताला दारिद्र्यातही न सोडणारा हा ब्राह्मण प्राकृतात बोलतो आणि बोलूनच हसवतो. तमाशातील सोंगाड्याचेही तसेच. त्याचा हजरजबाबीपणा काढून घेतला, तर मागे काय उरेल?

फ्रेंच मूकनाट्यातील पिएरो याहून वेगळा. इटालियन मुखवट्यांच्या नाटकांतून आलेल्या या पात्राला झां-गास्पार देब्यूरो (१७९६–१८४६) या नटाने पॅरिसच्या फ्युनांब्युल नाट्यगृहात नवे रूप दिले. पांढराफटक चेहरा, काळी टोपी आणि ढगळ पांढरा अंगरखा हा त्याचा वेष. तेव्हा लहान नाट्यगृहांवर परवान्याचे निर्बंध असत. त्याच्या मौनाचे तेही एक कारण होय. तथापि, मुका असला तरी त्याला स्वभाव आहे आणि कथाही आहे. तो प्रेम करतो, फसतो, भुकेने व्याकूळ होतो.

सर्कशीतील जोकराला अशा कथेची गरज नसते. त्याचे मूळ घोडेस्वारीत आहे. लंडनमध्ये १७६८ साली घोड्यांचे खेळ सुरू करणाऱ्या फिलिप अॅस्टलीने घोड्यावर धड बसताही न येणाऱ्या शिंप्याचे सोंग लोकप्रिय केले. असे सोंग वठविण्यास स्वार मात्र पक्का लागतो. चुकण्यातून कसब दाखविणे, हेच जोकराचे वैशिष्ट्य. आधीच्या कसरतपटूने जे लीलया केले, ते त्याला जमत नाही. प्रेक्षक हसतात आणि त्या कसरतीची अवघड बाजूही त्यांना कळते. १८८० साली मुंबईत 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी करणारे विष्णुपंत छत्रे स्वतः अश्वविद्येत निष्णात होते. या परंपरेचे मर्म त्यांना वेगळे सांगावे लागले नसेल.

इंदूरसारख्या नगरीत हा भेद विशेष जाणवतो. येथील मराठी घरांत हिंदी-माळवी बोलत वाढलेल्या नातवाला सोंगाड्याची कोटी समजावून सांगावी लागते आणि समजावताना तिच्यातील हसू निघून जाते. जोकराच्या पडण्यावर मात्र आजोबा आणि नातू एकाच क्षणी हसतात. आपले वाङ्मयेतिहास शब्दांची नोंद ठेवतात. म्हणून सोंगाड्याला त्यांत थोडीतरी जागा मिळाली, जोकराला ती मिळाली नाही. अध्यापकांनी वर्गात मैत्रेय शिकविताना या दोघांतील अंतर सांगितले, तर मैत्रेयाच्या वाणीचे मोल विद्यार्थ्यांना अधिक कळेल आणि जोकराच्या श्रमांचेही.