जीपचा जीर्णोद्धार

जुनी वस्तू हाती आली, म्हणजे माणसापुढे दोन वाटा उभ्या राहतात. एक जीर्णोद्धाराची आणि दुसरी डागडुजीची. पडक्या देवळाला श्रीमंत यजमान लाभला, की लांबून पाथरवट येतात, जुन्या शिळेच्या जातीची शिळा शोधली जाते आणि मूळ शिखर जसे होते तसे पुन्हा उभे राहते. यजमान नसला, तर गावकरी दर साली वर्गणी काढून चुना फासतात, गळणाऱ्या जागी पत्रा टाकतात, आणि देवाची पूजा एक दिवसही चुकत नाही. यांतली खरी सेवा कोणती, हा वाद आपल्या गावोगावी जुना आहे. हाच वाद आज एका वाहनाभोवती रंगला आहे, आणि तो समजून घ्यायचा तर त्या वाहनाची जन्मकथाच पाहिली पाहिजे. ते वाहन म्हणजे जीप.

१९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकन सैन्याने १३५ कारखानदारांना पत्रे धाडली. युरोपात जर्मन फौजांनी फ्रान्स पाडला होता आणि सैन्याला घाई झाली होती. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळेल अशी हलकी गाडी हवी होती, आणि तिचा पहिला नमुना अवघ्या ४९ दिवसांत द्यायचा होता. मोठमोठ्या कारखान्यांनी या पत्राकडे पाठ फिरवली. पुढे आली ती पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची बँटम नावाची कंपनी, जिची दारे जवळजवळ बंद व्हायला आली होती. तिने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याला बोलावले. त्याने सुमारे दोन दिवसांत आराखडे काढले. नवे भाग घडवायला वेळच नव्हता, तेव्हा इंजिन एका कंपनीचे घेतले, गिअरबॉक्स दुसरीचा घेतला, आणि आस स्टुडबेकर मोटारीच्या आसांत फेरफार करून बसवले. २३ सप्टेंबर १९४० रोजी ती गाडी मेरीलँडमधल्या होलाबर्ड छावणीच्या फाटकातून आत शिरली, तेव्हा मुदत संपायला अर्धा तास उरला होता.

वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. जिच्या अस्सलपणासाठी आज लोक पाण्यासारखा पैसा ओततात, ती पहिली गाडी मुळातच मिळेल त्या भागांची जुळवाजुळव होती.

पुढे विलीज कंपनीने आपले साठ अश्वशक्तीचे इंजिन घेऊन स्पर्धेत उडी घेतली. इंजिन दमदार होते, पण गाडी वजनाच्या मर्यादेबाहेर जात होती. मर्यादा होती २,१६० पौंडांची. तेव्हा विलीजच्या बार्नी रूस यांनी गाडीचा सांधा न् सांधा सुटा करून तोलला, जास्तीचे बोल्ट आखूड केले, आणि रंगाच्या थराचेही वजन हिशेबात धरले, अशी हकीकत सांगतात. कंत्राट विलीजला मिळाले. एकट्या विलीजला मागणी पुरी करणे अशक्य, म्हणून फोर्डलाही त्याच आराखड्यावर गाड्या बांधायला सांगण्यात आले. १९४५ पर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर काढल्या. एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे, अशी सैन्याची अट होती. त्यामुळे रणांगणावर दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी उभी करणे, हे सैन्यातल्या मिस्त्र्यांचे रोजचेच काम होऊन बसले. फोर्डने मात्र एक गंमत केली. आपल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा, त्यांनी इंग्रजी 'एफ' अक्षर उमटवले. त्या एवढ्याशा अक्षराला पुढे काय मोल येणार होते, हे त्या वेळी कोणाला ठाऊक असणार?

युद्ध संपले आणि जीप जगभर विखुरली. फिलिपीन्समधल्या लोकांनी अमेरिकन सैन्याने मागे टाकलेल्या जीपगाड्या लांबवल्या, वर टप घातला, आत समोरासमोर बाके टाकली आणि रंगीबेरंगी 'जीपनी' रस्त्यावर आणली. इंग्लंडात रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतावर सैन्याची जुनी जीप वापरत असत. ती मोडली तर पुढे काय, या चिंतेतून लँड रोव्हर जन्माला आली. तिचा पहिला नमुना जीपच्याच सांगाड्यावर बांधला होता. पोलादाची टंचाई होती म्हणून अंगाला ॲल्युमिनियमचा पत्रा आला, आणि १९४८ च्या एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती जगापुढे मांडली गेली.

आपल्याकडे जीप स्थिरावली ती महिंद्रांमुळे. १९४५ साली लुधियान्यात पोलादाच्या व्यापारासाठी निघालेली ही कंपनी मुंबईत आली आणि माझगावच्या कारखान्यात विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडू लागली. हळूहळू ते भाग येथेच होऊ लागले. आपण सर्वांनी पाहिलेली ती उंच बॉनेटची जीप १९५३ सालच्या अमेरिकन नमुन्याची. विलीजचे नवे इंजिन उंच होते, जुन्या बॉनेटखाली मावत नव्हते, म्हणून बॉनेटच वर उचलले. दिसायला थोडी बेढब, पण अमेरिकेत ती १९६८ साली बंद पडल्यावरही आपल्याकडे कित्येक वर्षे निघत राहिली. मामलेदाराचा दौरा, मलेरियाची फवारणी, निवडणुकीचा कर्णा, साखर कारखान्याचा शेतकी अधिकारी, लग्नाचे वऱ्हाड, या सगळ्यांना त्या उंच बॉनेटने वाहून नेले.

आता या गाड्या म्हाताऱ्या झाल्या, आणि इथे त्या दोन वाटा फुटतात.

पहिली वाट पैसेवाल्यांची. तिच्यातही दोन पंथ आहेत. एक पंथ शुद्धतेचा. लँड रोव्हर कंपनीने २०१६ साली आपल्या पहिल्या मालिकेतल्या २५ जुन्या गाड्या स्वतःच नव्याने सजवून विकायला काढल्या. किंमत साठ ते ऐंशी हजार पौंड. जीपचे शुद्धतावादी तर याहून कडवे. फोर्डची गाडी असेल तर बोल्टाच्या डोक्यावर 'एफ' हवाच, नाहीतर गाडी बाटली! रंगाची छटा, पाटीवरची अक्षरे, चाकांची घडण, सारे त्या सालाबरहुकूम. दुसरा पंथ रूपाचा. लॉस एंजेलिसच्या जोनाथन वॉर्ड यांच्या 'आयकॉन' कंपनीने जुन्या टोयोटा लँड क्रूझर आणि फोर्ड ब्रॉन्को यांचे रूप ठेवून आत सर्वस्वी नवे इंजिन आणि नवे ब्रेक घातले. अशा एका गाडीला लाखाहून अधिक डॉलर पडतात. शेतावर शेण आणि चारा वाहणारी ही जात, तिच्या गादीवर आता धुळीचा कण पडला तर मालकाच्या कपाळाला आठी पडते.

दुसरी वाट घरगुती. आमच्या भागात एक जीप आहे, तिची कुंडलीच सांगतो. बॉनेट मूळचे. इंजिन नंतरच्या एका जीपमधले डिझेलचे, कारण पेट्रोल परवडेना. पुढचा आस सैन्याच्या लिलावातल्या भंगारातून. मागच्या पाट्यांतली दोन पाने गावच्या लोहाराने भाता पेटवून पुन्हा वाकवलेली. तळाचा पत्रा सडला तेव्हा वेल्डरने जाड पत्र्याची ठिगळे लावली. वायरिंग सहा व्होल्टची होती, ती बारा व्होल्टची झाली. गाद्या ताडपत्रीवाल्याने शिवल्या. दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडते आणि दुसऱ्या दिवशी ती खताची पोती घेऊन शेताला जाते. मुंबईत कुर्ल्याचा सुट्या भागांचा बाजार, उत्तरेत हरियाणातले मंडी डबवाली हे गाव, ही असल्या कामाची काशी-प्रयाग. डबवालीला तर भंगारातून जीप उभी करणे हा अनेकांचा पोटाचा धंदा झाला.

मनाने मी या दुसऱ्या वाटेचा. पण तिचे दोष झाकणार नाही. पूर्वीच्या जीपला साठ अश्वशक्तीच्या अंदाजाने ब्रेक दिले होते. नवे इंजिन जड, वेग अधिक, ब्रेक मात्र तेच राहिले, असे पुष्कळदा होते. चॅसिसवर कच्चे वेल्डिंग झाले तर ते घाटात कोणत्या वळणावर दगा देईल सांगता येत नाही. शिवाय घरच्या कारागिराने काढून टाकलेला भाग बहुधा भंगारवाल्याकडे जातो, आणि तो कसा होता हे पुढच्या पिढीला कळायचा मार्गच खुंटतो. 'एफ' अक्षराच्या बोल्टासाठी अर्धे जग पालथे घालणाऱ्या वेड्या श्रीमंताने हे ज्ञान राखले आहे, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

मग माझी तक्रार काय? ती कायद्याच्या एका कोड्याबद्दल आहे. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कारखानदाराने ठरवलेल्या आणि नोंदणीच्या कागदावर असलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येणार नाही. रस्त्यावरच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ते रास्तच. पुढे २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षे झालेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची खास पाटी मिळू शकते. शुल्क नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, फेरनोंदणीला पाच हजार. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी, आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. पाटी मिळाली तरी ती गाडी प्रदर्शन, शर्यतवजा मिरवणूक, संशोधन अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणायची.

आता आमच्याकडच्या त्या जीपला हे लावून पाहा. तिच्याबरोबरच्या किती जीपगाड्या पेट्रोलच्या खर्चापायी उकिरड्यावर गेल्या. ही वाचली ती तिचे इंजिन बदलले म्हणून. आणि इंजिन बदलले म्हणून तिला 'जुनी' म्हणवून घेण्याचा अधिकार उरला नाही! जी गाडी रोज राबली तिच्या वाट्याला भंगार, आणि जी झाकून ठेवली तिला मानाची पाटी, असा हा न्याय. मूळ रूप म्हणजे कारखान्यातून निघाली त्या दिवसाचे रूप, ही समजूत दागिन्याला शोभेल. जीप कारखान्यातून निघाली ती मुळी वाटेत मोडेल आणि वाटेतच दुरुस्त होईल, या हिशेबाने. दुसऱ्या गाडीचा भाग अंगावर घेणे, हा तिचा कुळाचारच होता.

कायदा बदलणे आपल्या हाती नाही, पण एक गोष्ट घरच्या घरी करता येण्यासारखी आहे. ज्यांच्या दारात अशी जुनी जीप असेल, त्यांनी तिच्यासाठी एक वही घालावी. कोणता भाग केव्हा बदलला, का बदलला, कोणत्या मिस्त्रीने बदलला, हे तीत लिहावे. काढलेला जुना भाग तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकावा. पुढे कोणी यजमान भेटलाच, तर त्याला मूळ भागही मिळेल. आणि ब्रेकवर पहिला पैसा खर्च करावा, रंगावर शेवटचा. श्रीमंताच्या जीर्णोद्धारातले ज्ञान आणि गरिबाच्या डागडुजीतला जिव्हाळा अशा रीतीने एका दारात नांदू शकतील.

ज्या मिस्त्र्यांनी या गाड्या जगवल्या, त्यांची नावे कोणत्याच पाटीवर नाहीत. त्यांतले पुष्कळसे आता थकले आहेत. इंजिनाच्या आवाजावरून कोणता व्हॉल्व्ह बिघडला हे सांगणारा कान कोणत्याही प्रदर्शनात मांडून ठेवता येत नाही. तेव्हा वही घालायचीच असेल, तर ती यंदाच घालावी, आणि पहिल्या पानावर त्या मिस्त्रीचे नाव लिहावे.