वाकळ आणि वाकडा टाका

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला जगात दोनच गोष्टी दिसतात : जुळलेली आणि न जुळलेली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, त्यातून वीस वर्षं कारकुनी केलेली. संध्याकाळी रोख मोजताना दहा रुपयांचा फरक निघाला, की सबंध शाखेचा चहा थंड होतो. ही सवय पगाराबरोबर घरी येते. पगार पंधरवड्यात संपतो. सवय महिनाभर पुरते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या आईनं वाकळ शिवायला घेतली. तुम्ही पुण्या-मुंबईचे असाल तर तिला गोधडी म्हणाल. आमच्या सांगलीकडे ती वाकळ. नात जूनमध्ये पुण्याला वसतिगृहात जाणार, तिला पांघरायला. आत आईची दोन जुनी नऊवारी, बाबांचं शेवटचं धोतर, वर नातीच्या लहानपणच्या फ्रॉकचे तुकडे. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याला अजून मुहूर्त लागलेला नाही.

पहिल्या चार ओळी बऱ्या होत्या. पाचवी मात्र घाटातल्या एस.टी.सारखी निघाली. डावीकडे वळली, उजवीकडे वळली आणि सहावीला जवळजवळ घासून गेली. मी पट्टी आणि खडू आणून दिला. आईनं खडू नातीच्या शेजारच्या मैत्रिणीला पाटीसाठी देऊन टाकला आणि पट्टीनं पाठ खाजवली.

यानंतर मी जे केलं ते लिहायला हात कचरतो. सगळे झोपल्यावर मी त्या दोन ओळी उसवल्या. पेन्सिलनं रेघ आखून पुन्हा घातल्या. माझा या कलेशी संबंध काय म्हणाल, तर उमेदवारीच्या काळात व्हाउचरांचे गठ्ठे दाभणानं शिवत असे. त्या अधिकारात पहाटे दोनपर्यंत बसलो. ओळी अशा सरळ आल्या, की तपासनिसानं हिरवी खूण केली असती.

सकाळी आई वाकळ घेऊन बसली. ती डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त शिवते. तिनं पाचव्या ओळीवरून बोट फिरवलं, मग सहाव्या. काही बोलली नाही. सुई रिळात खोचली, वाकळेची घडी केली आणि म्हणाली, ''डोळे दुखतात रे आताशा.'' ती घडी आठ दिवस हलली नाही.

''तुम्ही काय केलंत?'' सौभाग्यवतींनी विचारलं. मी सांगितलं. बँकेत चूक सापडेपर्यंत रक्कम सस्पेन्स खात्यात टाकता येते. घरात तशी सोय नाही.

अपराधी माणूस दोनच ठिकाणी जातो : देवळात नाहीतर वाचनालयात. आमच्याकडचं देऊळ चढावर आहे. तेव्हा मी गोधड्यांचा इतिहास वाचायला घेतला. आता, आपली गोधडी अंगावरच विरते. फाटली की नव्या गोधडीच्या पोटात जाते. पुरावा उरणार कुठून? अमेरिकेत मात्र लोक गोधड्या जपतात, त्यांच्या स्पर्धा घेतात आणि स्पर्धांची कागदपत्रंही ठेवतात. त्यामुळे मला इतिहास सापडला तो तिकडचा.

तिकडे एक समजूत आहे, की जुन्या काळच्या बायका गोधडीत मुद्दाम एक चूक ठेवत. कारण परिपूर्ण काय तो देव. अभ्यासकांना याचा पुरावा काही मिळालेला नाही. मला तर आधीच शंका होती. चूक मुद्दाम करावी लागणं ही कधीच न चुकणाऱ्यांची अडचण. बाकीच्यांचा देव आपोआप संतुष्ट असतो.

१९३३ साली शिकागोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. त्या निमित्तानं 'सिअर्स' या बड्या व्यापारी कंपनीनं गोधड्यांची राष्ट्रीय स्पर्धा लावली. पहिलं बक्षीस एक हजार डॉलर. महामंदीचे दिवस, सामान्य माणसाची जवळजवळ वर्षाची कमाई! चोवीस हजारांवर गोधड्या आल्या. काही बायकांनी 'शतकाची प्रगती' हा प्रदर्शनाचा विषय मनावर घेऊन स्वतःच्या डोक्यानं नवी चित्रं रचली. परीक्षकांनी त्या बाजूला सारल्या. त्यांना हवं होतं जुनं वळण आणि बारीक, एकसारखा टाका.

पहिली आली केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनच्या मार्गारेट कॅडन यांची गोधडी. टाका म्हणजे काय, नुसतं मोती! पुढे कळलं, की बाईंनी त्यात स्वतः एकही टाका घातला नव्हता. गोधडी स्वतः केलेली हवी असा नियम असूनही ती दुसऱ्या बायकांकडून मजुरीवर करून घेतलेली. बक्षिसात त्यांना वाटा नाही. ती गोधडी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांना भेट गेली. पुढे तिचं काय झालं, ती कुठे आहे, कुणाला ठाऊक नाही. चोवीस हजारांत सर्वांत बिनचूक ठरलेली गोधडी! नावावर असलेल्या बाईनं ती शिवली नाही, आणि ज्यांनी शिवली त्यांचं नाव तिच्यावर नाही. हे वाचताना मला पहाटे दोनची पेन्सिल आठवली. आईच्या वाकळेत चोरून टाके घालणारा मी वेगळं काय करत होतो?

दुसरी हकिगत अलाबामातली. तिथं नदीच्या वळणात, तीन बाजूंनी पाण्यानं वेढलेलं 'जीज बेंड' नावाचं खेडं आहे. वस्ती गुलामांच्या वंशजांची, दारिद्र्य पिढीजात. तिथल्या बायका फाटक्या विजारी आणि शेतात घालायचे कपडे जोडून गोधड्या शिवत. हेतू एकच : रात्री पोरांना थंडी वाजू नये. नमुना असला तर असला, नाहीतर हाताला येईल तशी पट्टी. १९६६ साली त्या परिसरातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. न्यूयॉर्कच्या दुकानांतून मागणी आली आणि मागणीबरोबर फूटपट्टीही आली. सगळं एका मापाचं, एका साच्याचं. १९७२ साली कॉर्डरॉय कापडाच्या उशांच्या अभ्र्यांचं कंत्राट मिळालं. कुणाकडून? त्याच 'सिअर्स'कडून!

बायकांनी दिवसा मापात अभ्रे शिवले, पैसे मिळवले. त्यात गैर काही नाही, घर चालायला हवं. पण उरलेले तुकडे त्या घरी नेत आणि तिथं स्वतःच्या मनासारख्या गोधड्या शिवत. वाकड्या पट्ट्या, मध्येच सोडून दिलेला नमुना, एका कोपऱ्यात उगीचच लाल. २००२ साली जीज बेंडच्या गोधड्या आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या. जाणकार थक्क झाले. २००६ साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. मापातले अभ्रे मात्र कुणी भिंतीवर लावल्याचं माझ्या वाचनात नाही.

तात्पर्य, दोष शोधणारी नजर बँकेत हवी, कारण तिथले पैसे दुसऱ्याचे असतात. वाकळ तपासून घेण्यासाठी नसते, पांघरण्यासाठी असते. आणि झोपलेल्या माणसाला टाका दिसत नाही.

रविवारी मी वाकळ आणि कात्री घेऊन आईसमोर बसलो. म्हटलं, ''आई, माझ्या ओळी उसवतो. तू पहिल्यासारख्या घाल.''

''पहिल्यासारख्या म्हणजे?''

''म्हणजे... थोड्या वाकड्या होत्या त्या.''

आई माझ्याकडे बघत राहिली. ''अरे, मला तर त्या सरळच लागत होत्या,'' ती म्हणाली.

मला वर बघवेना. मान खाली घालून मी उसवू लागलो. पाचवी ओळ निघाली. सहावीला कात्री लावली तसा तिनं हात धरला. ''ती राहू दे. बापाचाही हात लागू दे पोरीला. तू सुया ओव. तेवढं मला होत नाही.''

तेव्हापासून रोज सकाळी बँकेत जाण्यापूर्वी मी आठ सुया ओवून उशीला टोचून ठेवू लागलो. संध्याकाळी येईतो आठही रिकाम्या झालेल्या असत. ओळी कुठून निघाल्या, कुठे गेल्या, मी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण बोललो नाही. वाकळ जूनच्या आत पुरी झाली.

पुण्याला गेल्यावर आठ दिवसांनी लेकीचा फोन आला. वाकळ सगळ्या खोलीला आवडली होती. मैत्रिणी पाळीपाळीनं पांघरून बसत होत्या. ''पण बाबा,'' ती म्हणाली, ''आजीनं सगळी हातानं शिवली, मग मधली एकच ओळ मशीनवर का मारली? तेवढी जरा टोचते.''