बर्मिंगहॅमचा तो रविवार

अमेरिकेतील अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅमच्या सोळाव्या रस्त्यावरील बाप्टिस्ट चर्चच्या पायऱ्या चढताना आमची पावले मंदावली. मे १९६३ मध्ये येथूनच कृष्णवर्णीय शाळकरी मुले वर्णभेदाविरुद्ध मोर्चाने निघाली. पोलिसांनी त्यांच्यावर कुत्री सोडली, पाण्याचे जोरदार फवारे मारले. समोरच्या केली इनग्राम उद्यानातील शिल्पे त्याची साक्ष देतात.

१५ सप्टेंबर १९६३. त्या दिवशी रविवारच्या शाळेचा पाठ होता क्षमाशील प्रीतीचा. सकाळी १० वाजून २२ मिनिटांनी बॉम्बस्फोट झाला. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन या चौदा वर्षांच्या आणि डेनिस मॅकनेअर ही अकरा वर्षांची, अशा चार निष्पाप मुली मृत्युमुखी पडल्या. एका काचचित्रातील ख्रिस्ताचा चेहराही उडून गेला.

दुसऱ्याच दिवशी चार्ल्स मॉर्गन या गोऱ्या वकिलाने आपल्याच समाजाला सुनावले, की अपराधी आपण सर्वच आहोत. त्याला शहर सोडावे लागले. पहिल्या गुन्हेगाराला शिक्षा झाली १९७७ साली. आणखी दोघांना २००१ व २००२ साली. ठाऊक असूनही कित्येकांनी मौन पाळले होते.

वेल्समधील सामान्य जनांनी वर्गणी काढून १९६५ साली या चर्चला नवे काचचित्र दिले. त्यातील ख्रिस्त कृष्णवर्णीय आहे. त्याचा एक हात अन्याय दूर लोटतो, दुसरा क्षमा देऊ करतो. त्याखाली उभे असता आम्हांस वाटले, क्षमेचा पाठ आपण सारेच गिरवतो; परंतु पहिला हात उचलण्याचे धैर्य आपल्यापाशी आहे काय?